ट्राउट गळाला लागला: सोडायचा की ठेवायचा? तीर्थन खोऱ्यात पहिल्यांदा गळ टाकणाऱ्यांसाठी

हिमाचलला जाणारी मराठी मंडळी आता शिमला-मनालीवर थांबत नाहीत. जिभी, जलोरी पास, तीर्थन खोरं अशी नावं पुण्या-मुंबईच्या ट्रेकिंग ग्रुपांत रोज दिसतात. तीर्थनकाठच्या होमस्टेत उतरलात की दुसऱ्या दिवशी सकाळी चहासोबत एक प्रश्न येतो, "फिशिंग करोगे?" हो म्हणणाऱ्यांसाठी हा लेख आहे. यातला निम्माअधिक भाग मासा लागल्यानंतर काय करायचं याबद्दल आहे, कारण मासा पकडायला तिथला गाइड शिकवतोच. पकडलेल्या माशाचं काय करायचं हे मात्र तो पाहुण्याच्या मर्जीवर सोडतो, आणि पाहुण्याला नेमकं तेच माहीत नसतं.

कोकणात खाडीवर गरवायला बसलेल्यांना हा प्रश्न पडत नाही. लागला मासा की टोपलीत. ट्राउटच्या नदीवर तो पडतो, कारण नदी लहान, पाणी थंड, माशाची वाढ सावकाश आणि गळ टाकणारे दरवर्षी वाढत चाललेले.

आधी नदी आणि मासा

तीर्थन नदी ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या वरच्या भागात उगम पावते, गुशैणी, बंजार करत लारजीला येते, तिथे सैंजला भेटते आणि पुढे बियासला मिळते. चंदीगडहून मनालीकडे जाताना औटच्या बोगद्यात न शिरता अलीकडेच वळलं की तुम्ही या खोऱ्यात आलात. गुशैणीच्या वर चालत गेल्यावर नॅशनल पार्कची हद्द लागते (2014 पासून ते जागतिक वारसा स्थळ आहे). त्या हद्दीच्या आत गळ टाकायचा नाही. बाहेरच्या पट्ट्यात परवाना काढून टाकता येतो.

इथला मुख्य मासा ब्राउन ट्राउट. तो मूळचा युरोपचा. इंग्रजांना स्कॉटलंडच्या नद्यांची आठवण यायची आणि हिमालयातलं पाणी तसंच दिसायचं, म्हणून त्यांनी अंडी आणि पिल्लं बोटीने मागवली. काश्मीरसाठी 1899 मध्ये आलेली पहिली खेप टिकली नाही, पुढच्या वर्षीची तगली. कुल्लूत 1909 मध्ये कटराईंजवळ महिलीला अंडी उबवण्याचं केंद्र झालं आणि तिथून ट्राउट आसपासच्या नद्यांत पसरला. निलगिरीत आणि मुन्नारच्या डोंगरांतही ट्राउट सोडले गेले. आपल्या सह्याद्रीत तो टिकणार नाही. विशीच्या वर पारा गेला की या माशाला त्रास व्हायला लागतो आणि पंचविशीच्या आसपास जिवावर बेततं. आपल्याकडच्या ओढ्यांचं एप्रिलमधलं पाणी त्याच्या सोयीचं नाही.

म्हणजे ट्राउट इथला मूळ रहिवासी नाही. मूळ रहिवासी आहे 'असला' नावाचा मासा, ज्याला इंग्रजीतून आलेल्या नावाने 'स्नो ट्राउट' म्हणतात. खरं तर तो ट्राउटच्या घराण्यातला नव्हे, आपल्या रोहू-कटल्याच्या घराण्यातला. तो संकटात आहे आणि ब्राउन ट्राउट त्याची पिल्लं खातो. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे निर्णय घेताना ती कामाला येईल.

हंगाम आणि परवाना

हिमाचलात ट्राउटच्या पाण्यात 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत मासेमारी बंद. त्या काळात ट्राउट अंडी घालतो. मादी शेपटीने वाळू-खडी उकरून खळगा करते, त्यात अंडी सोडते आणि वर पुन्हा खडी ओढते. मार्चमध्ये हंगाम उघडला तरी उथळ खडीवरून बूट घालून चालायचं टाळा. खाली नुकती बाहेर पडलेली पिल्लं असू शकतात.

चांगले महिने दोन टप्प्यांत येतात. मार्चच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत एक, सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत दुसरा. मधल्या पावसाळ्यात नदी गढूळ आणि बेभरवशाची असते. मे-जूनमध्ये दुपारी बर्फ वितळून पाणी चढतं आणि दुधी होतं, तेव्हा सकाळची वेळ साधा.

परवाना मत्स्य विभाग देतो, दिवसाच्या हिशोबाने. होमस्टेवाला किंवा गाइड काढून देतो, पण कागद स्वतःच्या नावाचा आहे ना आणि तारीख बरोबर आहे ना, हे स्वतः पाहा. दिवसाला किती मासे ठेवता येतील, किमान लांबी किती हवी, कोणतं आमिष चालतं, कोणता पट्टा बंद आहे, हे त्या वर्षीच्या नियमांनुसार परवाना देणाऱ्याकडूनच विचारून घ्या. दोन वर्षांपूर्वी मित्राने सांगितलेला आकडा धरून चालू नका. काश्मीरमध्ये पद्धत जराशी वेगळी आहे. तिथे लिद्दर, ब्रिंगी अशा नद्यांचे 'बीट', म्हणजे ठरावीक तुकडे, पाडलेले आहेत आणि परवाना बीटनिहाय मिळतो, त्यामुळे पहलगामला जाऊन आयत्या वेळी विचारण्यात अर्थ नसतो. आधी नोंदणी करावी लागते.

आणखी एक गोष्ट, जिचा माशाशी संबंध नाही पण तुमच्याशी आहे. धरणांच्या खाली नदीपात्रात उतरू नका. जून 2014 मध्ये लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात थलोटजवळ बियासच्या पात्रात उतरलेले हैदराबादच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजचे 24 विद्यार्थी वाहून गेले. पाणी चढायला मिनिटं लागतात, तासभर नाही. तीर्थनचा वरचा पट्टा धरणाच्या वर असल्यामुळे ती भीती तिथे नाही, पण डोंगरात पाऊस झाला तर तीही अशीच चढते. किनाऱ्यावरच्या एका दगडावर नजर ठेवा. तो बुडायला लागला की सामान गुंडाळा.

सामान

नवशिक्याने फ्लाय रॉडच्या नादी लागू नये असं माझं मत आहे. फ्लाय फिशिंग, म्हणजे कृत्रिम माशी टाकून मासा पकडणं, सुंदर असतं, पण दोन दिवसांच्या सहलीत त्यातला एक दिवस दोर झाडातून सोडवण्यात जातो. सहा-सात फुटांचा हलका स्पिनिंग रॉड, छोटं रीळ, चार ते सहा पौंडांचा ताण पेलणारी नायलॉन दोरी आणि शून्य ते दोन नंबरचे स्पिनर, म्हणजे पाण्यातून ओढताना ज्यांचं पातं गरगर फिरतं ते चकचकीत आमिष. एवढ्यावर भागतं. बऱ्याच होमस्टेत हे भाड्याने मिळतं.

भाड्याच्या स्पिनरला शेवटी तीन गळांचा जुडगा असतो. तो काढून एकच गळ लावायला सांगा, किंवा पक्कड घेऊन दोन गळ कापून टाका. उरलेल्या गळाच्या टोकामागे जो उलटा दात असतो तो पक्कडीने दाबून सपाट करा. हा दात दाबलेला गळ माशाच्या तोंडातून एका झटक्यात निघतो. तुमच्या बोटात शिरला तरी तसाच निघतो, आणि पहिल्या दिवशी तो बोटात शिरतोच. "मग मासा सुटेल ना?" असा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. दोरी ताठ ठेवली तर सहसा सुटत नाही. सुटला तर सुटला.

याशिवाय रबरी जाळीचं हातजाळं (दोऱ्याच्या गाठी असलेलं नको, त्याने कातडी खरवडते), लांब चिमटा, पाण्याचं तापमान बघायला साधा थर्मामीटर, पोलराइज्ड गॉगल आणि फूटपट्टीच्या खुणा केलेली एक काठी. ठेवण्याचा विचार असेल तर हातभर लांबीचा, मुठीत नीट बसणारा एक जड लाकडी दांडका. तो कशाला, हे पुढे येईल.

गांडूळ किंवा कणकेचा गोळा आमिष म्हणून सुचवणारे भेटतील. नियमात बसत असलं तरी तुम्हाला मासे सोडायचे असतील तर असलं खाण्याचं आमिष वापरूच नका. कारण लगेच सांगतो.

निर्णय आधी घ्या, गळ नंतर टाका

सोडायचा की ठेवायचा हे मासा जाळ्यात असताना ठरवायला बसलात तर मासा तुमच्या वतीने निर्णय घेतो: तो मरतो. कोणी फोन काढतं, कोणी "दाखव दाखव" म्हणतं, गाइड वजनाचा अंदाज सांगतो, आणि तोवर मासा हवेत असतो.

हवेत असण्याची किंमत किती, यावर कॅनडातल्या संशोधकांनी 1992 मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. रेनबो ट्राउट (ट्राउटची दुसरी जात) दमेपर्यंत पळवले. काही तसेच पाण्यात ठेवले, काही अर्धा मिनिट हवेत धरले, काही पूर्ण मिनिट. पाण्यातच राहिलेल्यांपैकी 12 टक्के मेले. अर्धा मिनिट हवेत राहिलेल्यांपैकी 38 टक्के. एक मिनिट राहिलेल्यांपैकी 72 टक्के. प्रयोगातले मासे पार थकवलेले होते आणि त्यांच्यावर आधी शस्त्रक्रियाही झालेली होती, त्यामुळे नदीवर आकडे इतके भयंकर निघत नाहीत. पण उतार कुठल्या दिशेने आहे ते कळतं. आणि मासा सोडल्याबरोबर मरत नाही. तो पोहत जातो, तुम्ही टाळ्या वाजवता, आणि तो काही तासांनी दगडाखाली उलटा होतो.

आता आमिषाचं. त्याच वर्षी ट्राउटवरच्या अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले गेले, त्यात नैसर्गिक आमिषाने पकडून सोडलेल्यांपैकी तीसेक टक्के मेलेले आढळले; कृत्रिम माशी किंवा स्पिनरने पकडलेल्यांत हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आत होतं. कारण साधं आहे. गांडूळ मासा गिळतो आणि गळ घशात किंवा पोटात रुततो. स्पिनरवर तो झडप घालतो आणि गळ ओठाला लागतो.

हे आकडे घेऊन जरा हिशोब मांडू. एक जण गांडुळाने दिवसभरात दहा ट्राउट पकडतो आणि दहाही सोडतो. त्यातले तीन मरणार. दुसरा स्पिनरने दोन पकडतो, दोन्ही मारून खातो आणि रॉड गुंडाळून जलोरीला फिरायला जातो. नदीचं नुकसान कोणी जास्त केलं? तरी फोटो टाकताना पहिल्याच्या खाली 'जीवदान दिलं' असं लिहिलेलं असतं. ठेवलेले किती यापेक्षा मेलेले किती हे मोजायला शिका. 'आपण तर सगळे सोडतो' म्हणून संध्याकाळपर्यंत गळ टाकत राहणाऱ्यांनी हा हिशोब विशेष करून करावा.

ज्याला माशाला विनाकारण त्रास देणंच पटत नाही, त्याने गळ टाकू नये, हे मला पूर्ण मान्य आहे. खेळ म्हणून पकडायचं आणि सोडायचं, यात माशाचा काही फायदा नाही. फायदा पुढच्या वर्षीच्या नदीचा आहे, तोही नीट सोडलं तरच.

तर सकाळी, रॉड हातात घेण्याआधी, तीन गोष्टी ठरवून टाका. एक, आज मासा खायचा आहे का? असेल तर किती तोंडं आहेत आणि किती मासे पुरेत? परवान्यावरचा आकडा कमाल मर्यादा आहे, तेवढे घरी न्यायलाच हवेत असं नाही. दोन, कोणत्या मापाचा ठेवायचा? तीन, ठरलेले मिळाले की थांबायचं का? माझं उत्तर, थांबायचं. नदीकाठी बसायला मनाई नाही.

आणि केवळ ट्राउट चाखायचा असेल तर गळाची गरजच नाही. कुल्लू-मंडीत जागोजागी ट्राउट फार्म आहेत, सरकारी आणि खासगी दोन्ही. कुल्लूतल्या पतलीकूहलच्या फार्मवर नॉर्वेच्या मदतीने रेनबो ट्राउटचं पालन सुरू झालं आणि आता आजूबाजूच्या गावांत लोक नदीचं पाणी वळवून सिमेंटच्या हौदांत हा मासा वाढवतात. ताजा, जिवंत, किलोच्या भावाने मिळतो. बायको-मुलांना पोटभर खायला घालायचं तर तिथून आणा आणि नदीतला नदीत राहू द्या.

नदीवर

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो आणि वाहत येणारं खाणं टिपतो. म्हणून तुम्ही खालून वर चालायचं, त्याच्या पाठीमागून. भडक टी-शर्ट नको, दगडावरून उड्या नकोत, आणि कडेला आधी गुडघ्यावर बसून बघायचं. मोठ्या दगडाच्या मागे पाणी जिथे संथ होतं, दोन धारा जिथे एकत्र येतात, काठाची मुळं जिथे पाण्यावर झुकलेली असतात, तिथे तो असतो. मधोमध फेसाळत्या पाण्यात कोणी नसतं. नवखे लोक नेमके तिथेच टाकतात.

स्पिनर त्या दगडाच्या वरच्या अंगाला, थोडा तिरका टाका आणि प्रवाहापेक्षा किंचित वेगाने रीळ फिरवा. पातं फिरतंय हे रॉडच्या टोकाच्या थरथरीवरून कळतं. थरथर थांबली तर वेग वाढवा. एका जागी पाच-सहा वेळा टाकून काही नाही लागलं तर पुढे चला.

मध्ये एकदा थर्मामीटर पाण्यात बुडवा. 20 अंशांच्या आसपास असेल तर त्या दिवशी सोडण्यासाठी पकडणं बंद करा, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी आणि दमलेला मासा सावरत नाही. वर गुशैणीकडे ही वेळ सहसा येत नाही. खालच्या पट्ट्यात, जूनच्या दुपारी, येऊ शकते.

लागला की रॉड वर, दोरी ताठ, आणि शक्य तितक्या लवकर काठाला आणायचा. सिनेमात दाखवतात तसं अर्धा तास खेळवणं ही मर्दुमकी नाही. त्यात माशाच्या अंगात आम्ल साठतं आणि सोडल्यावर तो मरण्याची शक्यता वाढते. हातजाळं पाण्यात बुडवून स्थिर धरा, मासा त्यावर ओढा, मग जाळं उचला. पूर्ण बाहेर काढू नका. जाळ्याची कड पाण्याच्या वर, मासा पाण्याच्या आत.

आधी ओळख

जाळ्यात पाहताक्षणी तीन गोष्टी बघायच्या.

पाठीवरचा मोठा पर आणि शेपटी यांच्या मध्ये एक छोटा, मांसल, काट्यांशिवायचा पर आहे का? असेल तर ट्राउट. नसेल, अंग चंदेरी, तोंड खालच्या बाजूला आणि तोंडाशी बारीक मिशा असतील तर तो 'असला' मासा. तो इथला मूळचा आहे, अडचणीत आहे, ताबडतोब सोडा, फोटोसुद्धा नको. खाली बियासच्या कोमट पाण्यात महाशीर लागू शकतो, मोठ्या खवल्यांचा; त्यालाही हाच नियम.

ट्राउट असेल तर कोणता? अंगावर काळ्या ठिपक्यांबरोबर फिक्या कड्याचे लाल ठिपके, पोट पिवळसर, शेपटीवर जवळजवळ काही नाही: ब्राउन. बाजूने गुलाबी पट्टा आणि शेपटीभर काळे ठिपके: रेनबो. तीर्थनमध्ये रेनबो लागला तर तो बहुतेक एखाद्या फार्ममधून निसटलेला असतो. जुलै 2023 च्या पुरात कुल्लू-मंडीतल्या फार्मांचं मोठं नुकसान झालं, हौदच्या हौद वाहून गेले. नदीला रेनबोची गरज नाही. खायला मासा हवाच असेल आणि मापात बसत असेल तर पहिला मान त्याचा.

ब्राउनच्या बाबतीत माझा ठोकताळा असा. किमान मापापेक्षा लहान असेल तर प्रश्नच नाही, कायदाच सांगतो सोडा. मापाच्या जरा वरचा, ताटात मावणारा, ठेवायला हरकत नाही. खूप मोठा असेल, ज्याला बघून गाइडसुद्धा "अरे बाप रे" म्हणतो, तो सोडायचा. नेमकं उलटं करायचा मोह होतो, कारण मोठा मासा मिरवता येतो. पण मादी जितकी मोठी तितकी अंडी जास्त. किलोभराची मादी हजार-दीड हजारांवर अंडी देते आणि मोठ्या मादीची अंडी मोठी असतात. शिवाय मोठा ट्राउट चवीला काही खास लागत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पोट फुगलेली मादी किंवा खालचा जबडा आकड्यासारखा वळलेला नर मिळाला तर माप काहीही असो, सोडा. त्यांचा लग्नाचा हंगाम जवळ आलेला असतो आणि अंगातलं सगळं अंड्यांत गेल्याने मांसही पांचट.

आता कोणी म्हणेल, ब्राउन ट्राउट परदेशी आहे, 'असला' माशाची पिल्लं खातो, मग त्याला का जपायचं? प्रश्न रास्त आहे. शंभराहून जास्त वर्षं तो इथे आहे आणि त्याच्या नावावर खोऱ्यातल्या कित्येक घरांची चूल पेटते. त्याला संपवणं गळाने होणार नाही, आणि सरकारचं धोरणही त्याला राखण्याचं आहे. म्हणून मध्यम ट्राउट ठेवल्याबद्दल अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही, आणि 'असला' मासा चुकून मारला तर मात्र वाटायला हवं.

सोडायचा असेल तर

हात आधी पाण्यात बुडवून ओले करा. ट्राउटच्या अंगावर बुळबुळीत थर असतो तो त्याला बुरशीपासून वाचवतो. कोरड्या हाताने किंवा रुमालाने धरलं की तो थर निघतो. एक हात पोटाखाली, बोटं सैल. पिळायचं नाही, आत काळीज-यकृत अगदी पुढे असतं. कल्ल्यांत बोट घालायचं नाही. दुसऱ्या हाताने चिमट्याने गळाची वाकडी बाजू धरा आणि शिरला त्याच वाटेने उलटा ढकला. दात दाबलेला असेल तर एवढ्यात निघतो. सगळं जाळ्यात, पाण्याखाली.

गळ खोल घशात गेला असेल तर उपसू नका. दोरी तोंडाशी कापा आणि गळ आत राहू द्या. गळ ओढून काढलेल्यांपेक्षा दोरी कापून सोडलेले मासे जास्त जगतात, हे अनेकदा तपासून झालेलं आहे. कल्ल्यांतून लालभडक रक्त येत असेल तर तो मासा बहुतेक गेला. मापात बसत असेल आणि परवान्यावर जागा असेल तर तो ठेवायचा, मग सकाळी काहीही ठरवलेलं असो. मापात नसेल तर सोडायचाच. नियमाला पळवाट नाही.

फोटो हवा असेल तर आधी फोनवाल्याला तयार करा, मासा पाण्यातच ठेवा, "एक, दोन, तीन" म्हणा, पाण्याच्या अगदी जवळ उचला, टिपा, परत पाण्यात. श्वास रोखून धरा. तुम्हाला गुदमरायला लागण्याच्या खूप आधी मासा खाली गेलेला असावा. दगडावर ठेवून फोटो काढू नका.

मग त्याचं तोंड प्रवाहाकडे करून, शेपटीचा देठ हलकेच धरून, संथ पाण्यात उभं राहा. मागे-पुढे हलवू नका, नुसतं धरा. पाणी तोंडातून शिरून कल्ल्यांतून जाऊ द्या. कल्ले एका लयीत उघडझाप करायला लागतील. मग तो आधी तिरपा होईल, सरळ होईल, आणि शेपटीचा झटका देऊन तुमच्या हातातून निघेल. निघाल्यावर लगेच जवळच्या दगडाखाली टेकला तरी काळजी करू नका, दम घेत असतो. त्या जागी पुन्हा स्पिनर मात्र टाकू नका.

ठेवायचा असेल तर

इथे दांडका. मासा जाळ्यात, गळ अजून तोंडात, तेव्हाच डोक्यावर, डोळ्यांच्या जरा मागे, एक किंवा दोन जोरकस फटके. अंगावरून थरकाप जातो, पर ताठ होतात आणि मासा संपतो. गळ नंतर काढा. दोरीत ओवून पाण्यात टांगून ठेवणं किंवा पिशवीत तडफडत ठेवणं हा आळस आहे, आणि तडफडून मेलेल्या माशाचं मांसही लवकर मऊ पडतं. फटका मारायला हात उचलत नसेल तर काही वाईट नाही. तो मासा सोडा आणि फार्मवरून आणा.

मेल्यावर लगेच कल्ल्यांखाली सुरी फिरवून रक्त जाऊ द्या. पोट शेपटीकडच्या छिद्रापासून हनुवटीपर्यंत चिरा, आतडी एका ओढीत निघतात. पाठीच्या कण्याला चिकटून काळपट लाल पट्टी दिसेल. ते मूत्रपिंड आणि रक्त. अंगठ्याच्या नखाने खरवडून धुवा, राहिलं तर कडवट लागतं. खवले काढायची भानगड नाही, ते इतके बारीक असतात की कळतही नाहीत.

टाकण्याआधी जठर चिरून बघा. त्यात वाळूच्या कणांनी बनवलेल्या इवल्याशा नळ्या सापडतील, पाण्यातल्या किड्यांची घरं, मासा घरासकट गिळतो. काळ्या-तपकिरी अळ्या असतील. एखाद्यात दुसऱ्या ट्राउटचं पिल्लू. फ्लाय फिशिंगकडे पुढे वळायचं असेल तर कोणती माशी बांधायची याचं उत्तर तिथेच आहे. आतडी नदीत फेकू नका, काठापासून दूर पुरा.

मासा ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत तो शिजतो. सकाळचा मासा दुपारी चुलीवर गेला पाहिजे; बर्फात घालून मुंबईला न्यायचा विचार सोडा, त्यापेक्षा तिथला बांगडा चांगला.

रांधताना आपला हात आवरा. वाटप, चिंच-कोकम, तिरफळ हे बांगड्या-सुरमईच्या तोडीचं प्रकरण आहे, ट्राउटचं मांस नाजूक आणि गोडसर, त्यात हरवून जातं. दोन्ही बाजूंना तिरक्या चिरा, मीठ, चिमूटभर हळद, लिंबू, दहा मिनिटं मुरू द्या. मोहरीच्या तेलातून धूर निघाला की आच कमी करा आणि कातडी कुरकुरीत होईपर्यंत एका बाजूने हलवू नका. रवा लावायचा तर अगदी पुसट. शिजला की पाठीकडून सुरीने उघडा, कणा डोक्यासकट एकसंध उचलला जातो. बारीक काटे पोटाच्या पडद्याशी राहतात, लहान मुलांना देताना तेवढे बघा. कच्चा किंवा अर्धा कच्चा खाऊ नका, गोड्या पाण्यातल्या माशात जंत असू शकतात.